मी येईन की मी येईल?

स्पॅनिश शिकायला सुरुवात केलेल्या माणसाचा पहिला दम वर्तमानकाळातच निघतो. क्रियापदांचे तीन गण, प्रत्येकाचे प्रत्यय वेगळे, त्यात मधेच धातूचा स्वर बदलणारी मंडळी. मग दोन-दोन भूतकाळ येतात आणि आपण वही मिटून ठेवायच्या बेतात असतो. तेवढ्यात भविष्यकाळाचा धडा येतो आणि एकदम हायसं वाटतं. कारण इथे करायचं काहीच नसतं! आख्खं क्रियापद घ्यायचं, शब्दकोशात असतं तसं, आणि त्याच्या शेपटीला एक तुकडा चिकटवायचा. बस्स.

उदाहरणार्थ 'आब्लार' म्हणजे बोलणे. (स्पॅनिशमध्ये लिहिताना सुरुवातीला 'ह'चं अक्षर असतं, पण ते उच्चारत नाहीत.) त्याचा भविष्यकाळ असा:

मी बोलेन – आब्लारे
तू बोलशील – आब्लारास
तो/ती बोलेल – आब्लारा
आम्ही बोलू – आब्लारेमोस
तुम्ही बोलाल – आब्लारेइस
ते बोलतील – आब्लारान

'कोमेर' म्हणजे खाणे. त्याचं कोमेरे, कोमेरास, कोमेरा… 'बिबिर' म्हणजे जगणे. त्याचं बिबिरे, बिबिरास, बिबिरा… तिन्ही गणांना तेच सहा प्रत्यय. डझनभर आडमुठी क्रियापदं आहेत, पण त्यांचंही फक्त धड थोडं बदलतं ('तेनेर'चं 'तेन्द्रे' होतं), शेपूट तेच राहतं. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर एकच फंक्शन, सगळ्यांना चालणारं.

आता प्रोग्रामरच्या मनात इथे शंका यायलाच हवी. जिथे बाकी सगळा कोड वीस वर्षांचा, दहा जणांनी हात घातलेला आणि अपवादांनी भरलेला असतो, तिथे मधेच एखादं मॉड्यूल इतकं स्वच्छ कसं? अनुभव असा सांगतो की ते मॉड्यूल कुणीतरी मागाहून नव्याने लिहिलेलं असतं. स्पॅनिशच्या भविष्यकाळाचं नेमकं तेच आहे.

स्पॅनिशची आई लॅटिन. लॅटिनमध्ये भविष्यकाळ होता, आणि तो वेगळाच होता. 'कान्ताबित' म्हणजे तो गाईल. आणि 'कान्ताविट' म्हणजे त्याने गायलं. फरक फक्त 'ब' आणि 'व' चा. पुढे बोलताना लोकांचे हे दोन उच्चार एकमेकांत मिसळायला लागले. म्हणजे 'गाईल' आणि 'गायलं' कानाला सारखंच! असा घोळ भाषा फार दिवस चालू देत नाही. लोकांनी पर्याय शोधला. 'गाणे' या क्रियापदापुढे 'माझ्याकडे आहे' अशा अर्थाचं क्रियापद ठेवायचं: 'कान्तारे हाबेओ'. शब्दशः अर्थ 'मला गायचं आहे', 'माझ्यावर गाण्याची जबाबदारी आहे'. इ. स. २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा तर्तुलियन नावाचा ख्रिस्ती लेखक अशी वाक्यरचना करताना दिसतो. सुरुवातीला अर्थ होता कर्तव्याचा, मग नशिबात लिहिल्याचा, आणि हळूहळू नुसताच 'पुढे होईल' असा. बोलता बोलता दोन शब्द एकमेकांना चिकटले आणि मागचा शब्द झिजून प्रत्यय झाला. आजही स्पॅनिशमध्ये ते क्रियापद आहे: ए, आस, आ, एमोस, आबेइस, आन. वरचा तक्ता पुन्हा बघा. आब्लार + ए, आब्लार + आस, आब्लार + आ… म्हणजे 'मी बोलेन' म्हणणारा प्रत्येक स्पॅनिश माणूस नकळत 'मला बोलायचं देणं आहे' असंच म्हणत असतो.

हा सांधा फार जुना नाही, हे कळायला आपल्याला लांब जायला नको. गोव्यात १९६१ पर्यंत राज्य करणाऱ्या पोर्तुगीजांच्या भाषेत तो सांधा पुस्तकी लिखाणात अजून उघडता येतो. 'मी तुला देईन' असं म्हणताना 'तुला' हा शब्द क्रियापदाच्या पोटात घालतात: 'दार-ते-एइ'. म्हणजे 'दे', 'तुला', 'ईन'! जुन्या स्पॅनिशमध्येही असंच चालायचं. आणि १४९२ साली, म्हणजे कोलंबस निघाला त्याच वर्षी, आन्तोनियो दे नेब्रिखाने स्पॅनिशचं पहिलं छापील व्याकरण प्रसिद्ध केलं, त्यात त्यालाही हा जोड दिसलेला आहे.

या नव्या भविष्यकाळाचा अगदी सुरुवातीचा लेखी पुरावा ज्या गोष्टीत सापडतो ती मला फार आवडते. सातव्या शतकात फ्रान्समध्ये लिहिलेली फ्रेदेगारची बखर म्हणून एक आहे (लॅटिनमध्ये, पण बखरच म्हणायची). तीत सम्राट जस्टिनियन इराणच्या राजाला पकडतो आणि त्याच्याकडे प्रांत मागतो. राजा जुन्या लॅटिनमध्ये म्हणतो, 'दाबो' नाही, म्हणजे देणार नाही. सम्राट नव्या बोलीत म्हणतो, 'दारास'. देशील! दिलेच पाहिजेस! आणि म्हणे म्हणून त्या जागी वसलेल्या शहराचं नाव दारास पडलं. गोष्ट अर्थातच रचलेली आहे. तुर्कस्तानातलं ते दारा शहर जस्टिनियनच्या आधीच्या सम्राटाने वसवलं होतं. पण भाषेच्या अभ्यासकांना या दंतकथेतला तो एक शब्द सोन्यासारखा आहे. राजकारण, कैद, प्रांतांची मागणी, आणि सगळा खेळ एका क्रियापदाच्या रूपावर.

हे वाचल्यावर कोपरगावच्या माणसाला काय आठवणार? 'ध'चा 'मा'!

आमच्या गावाचा पेशवाईशी संबंध रघुनाथरावांमुळे. गावात त्यांचा वाडा होता. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंची दंतकथा महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे: नारायणराव पेशव्यांना 'धरावे' असा हुकूम होता, आनंदीबाईंनी 'ध' खोडून 'मा' केला आणि ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांना मारलं. खून ही खरी घटना. अक्षर बदलल्याची गोष्ट मात्र इतिहासकार पुराव्याने सिद्ध झालेली मानत नाहीत. तरी गोष्ट रचणाऱ्याचं भाषेचं ज्ञान बघा. 'धरावे' आणि 'मारावे' यांत धातू बदलला, शेपूट तेच राहिलं. नियमित क्रियापद म्हणजे काय हे शिकवायला याहून चांगलं (आणि याहून भयंकर) उदाहरण मला सापडलेलं नाही. प्रत्यय कुणालाही लागतो. त्याला दयामाया नसते.

आणि हे शेपूट 'आवे' आहे कुठलं? संस्कृतातल्या 'तव्य' चं. 'कर्तव्य' मधला तोच 'तव्य'. करायला पाहिजे, अशा अर्थाचा. मराठीत तो हुकूम, इच्छा, कर्तव्य यांच्यासाठी राहिला: करावे, जावे, धरावे. पण बंगालीत त्याच 'तव्य'चा सरळ भविष्यकाळ झाला. बंगाली माणूस 'कोरबो' म्हणतो म्हणजे 'करीन', त्यातला 'बो' हा आपल्या 'करावे' मधल्या 'वे'चा सख्खा भाऊ. म्हणजे रोमन लोकांनी जे 'हाबेओ'चं केलं तेच बंगाल्यांनी 'तव्य'चं केलं. कर्तव्याचा भविष्यकाळ करून टाकला. इंग्रजीतलं 'शॅल' सुद्धा मुळात 'देणं लागतो' अशाच अर्थाचं, आणि 'विल' म्हणजे 'इच्छा आहे'.

यात खोल अर्थ वगैरे शोधायला नको, कारण साधा आहे. उद्या अजून झालेलाच नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलायला स्वतःचं असं सामान भाषेकडे नसतं. ती आजचं काहीतरी उसनं घेते. कर्तव्य, इच्छा, वचन, नाहीतर चालू लागलेली पावलं. रघुनाथरावांच्या बाबतीत तर हा फरक करारमदारांत दिसतो. ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात त्यांनी मुंबईकर इंग्रजांना साष्टी आणि वसई कबूल केली. 'देईन'. ते कलकत्त्याच्या इंग्रजांना पटलं नाही, आणि १ मार्च १७७६ ला पुरंदरचा तह झाला. त्यात पुणे दरबार आणि इंग्रजांनी ठरवलं की रघुनाथरावांनी फौज मोडावी, महिना पंचवीस हजार रुपये घ्यावेत आणि कोपरगावी जाऊन राहावे. 'राहील'. ज्याने राहायचं त्याला विचारलंच नव्हतं! रघुनाथरावांनी ते मानलं नाही, लढाई चालू राहिली, वडगाव झालं. शेवटी १७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला, पुन्हा महिना पंचवीस हजारच ठरले, आणि रघुनाथराव अखेर आले ते कोपरगावीच. डिसेंबर १७८३ मध्ये इथेच ते वारले. सात वर्षांपूर्वी दुसऱ्यांनी कागदावर लिहिलेला भविष्यकाळ असा खरा झाला. 'दारास' म्हणणाऱ्या सम्राटाला हे कळलं असतं.

असो. आता आपल्या घरच्या भविष्यकाळाकडे वळू, कारण खरी गंमत तिथेच आहे.

संस्कृतात 'तो करील' याला 'करिष्यति'. प्राकृतात त्याचं 'करिस्सइ', 'करिहिइ' असं झिजत गेलं. गुजरातीने हे जपून ठेवलं. शेजारच्या सुरतेत अजून 'करशे' म्हणतात, त्यातला 'श' थेट 'ष्य'चा वारस. मराठीने मात्र ते टाकून दिलं. जसं स्पॅनिशने 'कान्ताबित' टाकलं तसंच. मग आपण कशाचा भविष्यकाळ केला? वर्तमानकाळाचा!

जुन्या मराठीत 'तो करतो' याला 'तो करी' म्हणत. म्हणींत हे रूप अजून जिवंत आहे. 'दाम करी काम'. 'देव तारी त्याला कोण मारी'. करी, तारी, मारी, हे सगळे जुने वर्तमानकाळ. पुढे 'करतो' आला आणि 'करी' ची ती नोकरी गेली. मग ते रूप दोन ठिकाणी कामाला लागलं. एक, जुन्या सवयी सांगायला: 'आजोबा रोज पहाटे नदीवर जाई'. (आजोबांना आपण 'जात' असं आदरार्थी म्हणू, पण मुद्दा कळला असेल.) आणि दुसरं, पुढे 'ल' लावून भविष्यकाळ म्हणून:

करी + ल = करील
जाई + ल = जाईल
करिती + ल = करितील, म्हणजे आजचं करतील
करिसी + ल = करिसील, म्हणजे आजचं करशील

हा 'ल' नेमका कुठून आला यावर पंडितांचं एकमत नाही. पण जुन्या वर्तमानकाळाला 'ल' जोडून आपला भविष्यकाळ झाला, ही मांडणी मान्य आहे. झूल ब्लॉक नावाच्या फ्रेंच अभ्यासकाचा मराठीच्या जडणघडणीवरचा मोठा ग्रंथ १९२० मध्ये पॅरिसला निघाला, त्यातही तेच आहे. हिंदीने याच पद्धतीने 'करे' ला 'गा' लावला, आणि तो 'गा' म्हणजे 'गत', गेलेला. नेपाळीत आपल्यासारखाच 'ल' वाजतो, 'गर्ला' म्हणतात.

हा जोड तेराव्या शतकात आपल्याच जिल्ह्यात पक्का झालेला दिसतो. नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० ला ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तीत 'करी' हे वर्तमानकाळी रूपही आहे आणि 'ल' लागलेली भविष्यकाळी रूपंही आहेत, दोन्ही शेजारी शेजारी. म्हणजे जुना कोड आणि त्याच्यावर बसवलेला नवा कोड एकाच फाईलमध्ये.

आपल्या आणि स्पॅनिशच्या भविष्यकाळात आणखी एक साम्य आहे, आणि ते शिकणाऱ्याच्या फार उपयोगाचं आहे. स्पॅनिशच्या पुस्तकांत एक वेगळा धडा असतो, 'भविष्यकाळाचा अंदाजासाठी वापर'. घड्याळ जवळ नसेल आणि कुणी वेळ विचारली तर स्पॅनिश माणूस 'सेरान लास दिएस' म्हणतो. शब्दशः 'दहा होतील'. अर्थ मात्र आत्ताचा: दहा वाजले असतील. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हे पचायला वेळ लागतो. आपल्याला शिकवायचीही गरज नाही! 'आई कुठाय?' 'असेल स्वयंपाकघरात.' हे 'असेल' भविष्यकाळाचं रूप आहे आणि बोलतोय आपण आत्ताबद्दल. स्पॅनिशमध्ये 'दोन्दे एस्तारा?' म्हणजे 'कुठे असेल?'. रूप तेच, अर्थ तोच. 'असतील शितं तर जमतील भुतं' असं म्हणणाऱ्याला यात नवं काय वाटणार!

तसंच 'आब्लारे' च्या जोडीला स्पॅनिशमध्ये दुसरा भविष्यकाळ आहे, 'बोय आ आब्लार', म्हणजे 'बोलायला जातोय'. रोजच्या बोलण्यात, विशेषतः लॅटिन अमेरिकेत, हाच जास्त ऐकू येतो. आपल्याकडेही जोडी आहे. 'येईन' आणि 'येणार'. 'येणार' हे 'येणारा' (म्हणजे जो येतो तो) या शब्दाचंच रूप. 'मी उद्या येईन' यात वचन आहे, आणि थोडा वावही आहे. 'मी उद्या येणार' यात ठरलंय. प्रोजेक्ट मॅनेजरला 'करीन' म्हणावं की 'करणार' म्हणावं हे मराठी प्रोग्रामरला बरोबर कळतं :-) दोन्ही जोड्या तंतोतंत सारख्या नाहीत, पण 'दोन-दोन भविष्यकाळ कशाला?' हा प्रश्न आपल्याला पडायला नको.

आता मूळ मुद्दा. इतका वेळ ज्यासाठी घेतला तो.

मराठीचा तक्ता नीट पाहिला तर सगळीकडे 'ल' आहे: करशील, करील, कराल, करतील. अपवाद दोनच. 'आम्ही करू' आणि 'मी करीन'. त्यातल्या 'मी' च्या ठिकाणी 'न' का? प्रचलित स्पष्टीकरण असं की प्रथमपुरुषी एकवचनाच्या जुन्या रूपात शेवटी अनुस्वार होता, 'करीं'. त्या नाकातल्या उच्चाराच्या संगतीने 'ल'चा 'न' झाला. म्हणजे तो 'न' हा मुळात 'ल'च, सर्दी झालेला.

आणि आमच्याकडे, नगर जिल्ह्यात, नाशकात, मराठवाड्यात, खानदेशात, विदर्भातही, असंख्य लोक काय म्हणतात? 'मी येईल'. 'मी करेल'. 'मी सांगेल तुला'. मीही घरी हेच बोलतो. कोपरगावच्या स्टँडवर 'मी येईन' म्हणणारा माणूस पाहुणा समजावा. आणि पुण्यात 'मी येईल' म्हटलं की ठरलेला प्रश्न येतो: 'मी येईल? म्हणजे कोण येईल?' आणि हशा.

हा हशा दिसतो तितका निरुपद्रवी नसतो. काही वर्षांपूर्वी नोकरीच्या मुलाखती घेताना आमच्याकडचाच एक मुलगा समोर आला होता. इंग्रजी अडखळत होतं म्हणून त्याला मराठीत बोल म्हटलं. गडी खुलला, अल्गोरिदम झकास समजावून सांगायला लागला, आणि 'इथे मी आधी लिस्ट सॉर्ट करेल' असं म्हणाला. माझ्या शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने हसून 'करेल कोण? शेजारचा?' असं विचारलं. मुलाला विनोद कळला. तो पुन्हा इंग्रजीत गेला, पुढची वीस मिनिटं तुटक तुटक बोलत राहिला, आणि त्याला जे येत होतं त्यातलं निम्मंही बाहेर आलं नाही. एका 'ल'ची किंमत एवढी!

म्हणून या हसण्याचा हिशोब एकदा मांडायलाच हवा.

पहिली गोष्ट. 'मी करेल' हा आळस नाही, ते नियमितीकरण आहे. तक्त्यात बहुतेक ठिकाणी 'ल' असताना एका घरात 'न' असेल तर बोलणारे तिथेही 'ल' बसवतात. जगातल्या सगळ्या भाषा हेच करत आल्या आहेत. ज्या स्पॅनिश भविष्यकाळाचं आपण सुरुवातीला कौतुक केलं तो इतका सरळसोट आहे तो अशाच अनाम बोलणाऱ्यांमुळे. त्यांनाही त्या काळच्या शुद्ध लॅटिनवाल्यांनी गावंढळच म्हटलं असतं. तिकडे ते झालं की 'नियमित क्रियापद' आणि आमच्याकडे झालं की 'अशुद्ध', हे काही बरोबर नाही.

दुसरी गोष्ट जास्त मजेची आहे. हसणारे स्वतः काय बोलतात? 'मी करेन', 'तो करेल'. जुन्या व्याकरणाप्रमाणे हेही चूकच! जुना नियम असा की सकर्मक धातूंना 'ई' आणि अकर्मक धातूंना 'ए'. म्हणजे 'करीन, करील, मारील, सांगील', पण 'बसेन, बसेल, उठेल, पडेल'. म्हणींत हा नियम शाबूत आहे: 'दाम करी' मध्ये 'ई', पण 'गर्जेल तो पडेल काय' मध्ये 'ए', कारण गर्जणे आणि पडणे दोन्ही अकर्मक. (जा, ये, हो, दे ही स्वरान्त मंडळी वेगळी, त्यांना सरसकट 'ई'.) मग गेल्या काही पिढ्यांत 'ए' ने 'ई' ला जवळजवळ हाकलून लावलं. 'मी करीन' च्या जागी 'मी करेन', 'तो सांगील' च्या जागी 'तो सांगेल'. दोन गणांचा एक गण झाला. म्हणजे पुण्यानेही तक्ता सोपा करून घेतला, आणि त्याला कुणी हसलं नाही, कारण हसण्याचा मक्ता त्यांच्याकडेच होता. आम्ही त्याच कामात एक पाऊल पुढे गेलो, इतकंच.

तिसरा आक्षेप खरा आहे, तो टाळून चालणार नाही. 'येईन' एवढंच म्हटलं तरी 'मी' कळतो. 'येईल' म्हटलं तर मी की तो, हे कळत नाही. म्हणजे माहितीचा एक तुकडा गमावला. कबूल. पण भाषा याची सोय लावते, 'मी' हा शब्द उच्चारून. आमच्याकडे 'मी' गाळून 'येईल' म्हणणारा संदर्भ असल्याशिवाय तसं म्हणत नाही. आणि पुन्हा स्पॅनिशकडेच बघा. तिथे एका भूतकाळात 'आब्लाबा' म्हणजे 'मी बोलत होतो' आणि 'आब्लाबा' म्हणजे 'तो बोलत होता'. रूप एकच! शतकानुशतकं चाललंय. त्या भाषेत थोर कादंबऱ्या लिहिल्या गेल्या, साम्राज्यं चालली, कोट्यवधी लोक बोलतात आणि कुणी 'म्हणजे कोण बोलत होता?' असं विचारून हसत नाही.

थोडं व्याकरणकारांबद्दलही बोलायला हवं. गोव्यातले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स, ज्यांनी १६१६ साली मराठीत ख्रिस्तपुराण छापलं, त्यांनीच कोकणी भाषेचं व्याकरण पोर्तुगीजमधून लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूरला छापलं गेलं. भारतीय भाषेचं हे पहिलं छापील व्याकरण मानतात. पुढे १८०५ ला विल्यम कॅरींचं मराठी व्याकरण श्रीरामपूरला (बंगालमधलं, आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे!) निघालं, १८३६ ला दादोबा पांडुरंगांचं आलं, १९११ ला मोरो केशव दामल्यांचं. मोठी माणसं, मोठं काम. पण तक्त्याची अडचण अशी की त्यात एका घरात एकच रूप मावतं. गोदाकाठी 'येईल', पुण्यात 'येईन', मालवणात 'येतलंय', हे सगळं एका चौकटीत बसत नाही. मग ज्या गावात छापखाना आणि शाळाखातं, तिथलं रूप चौकटीत बसतं आणि बाकीची रूपं 'बोली' होतात. ही निवड राजधानीने केलेली असते. भाषेत त्याला कारण सापडत नाही. पैठणला सातवाहनांचं राज्य होतं तेव्हा गोदाकाठचीच प्राकृत अख्ख्या देशात काव्याची भाषा म्हणून मिरवत होती. पेशवाईत आणि नंतर छापखान्यांच्या काळात पारडं पुण्याकडे झुकलं, एवढंच.

म्हणून प्रमाणभाषा नको असं मी म्हणत नाहीये. एका संगणकाने दुसऱ्याशी बोलायचं तर प्रोटोकॉल लागतो, तसं लिहिण्यासाठी एक ठरलेलं रूप लागतं. पाठ्यपुस्तकात 'येईन' असू दे, अर्जात 'येईन' लिहू दे, पोरांना तसं शिकवा. पण प्रोटोकॉल हा दोन यंत्रांमधला करार असतो, कुणाचं यंत्र चांगलं याचा निकाल तो देत नाही. शाळेत 'येईन' शिकवताना गुरुजींनी फळ्यावर 'येई + ल' मांडून दाखवलं आणि 'तुम्ही घरी म्हणता तो ल इथूनच आला, पुस्तकात मात्र न लिहायचा' एवढं एक वाक्य सांगितलं, तर दोन मिनिटं जातील. आणि त्या दोन मिनिटांत पोरांना व्याकरणही कळेल आणि आपल्या आईची भाषा चुकीची नाही हेही कळेल.

माझ्या हातात शाळा नाही. मुलाखतीची खोली मात्र अधूनमधून असते. तिथे आता कुणी 'मी करेल' म्हणालं की मी पुढचा प्रश्न 'बरं, मग त्यानंतर तू काय करशील?' असाच विचारतो, आणि त्याला बोलू देतो. बहुतेक वेळा तो करतोही.